सर्वेक्षणाच्या जीपमधली जागा

तुमच्या आईनं मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं, "आई, बाबा म्हणतात तू टोंकखुर्दला दगड बघायला गेली होतीस. खरं का?" म्हणजे माझी बातमीही माझ्या आधी तुमच्या आजोबांनीच सांगून टाकली होती. म्हणून मी लिहायला बसले. बोलण्यात ते नेहमी माझ्या पुढे असतात. लिहायचं म्हटलं की मात्र त्यांना चष्मा सापडत नाही.

या हिवाळ्यात आपल्या धारच्या घराची वरची खोली एका मुलीला भाड्यानं दिली होती. भूगर्भशास्त्र शिकलेली, सागर शहराकडची, केस बारीक कापलेले, पायात जाड बूट. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतल्या खनिजांचा अहवाल नव्यानं करायचं काम तिच्या कंपनीला मिळालं होतं. खनिज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सोनं आणि हिरे येतील. इथे तसलं काही नाही. वाळू, मुरूम, खडीचा काळा दगड, चुनखडी. ज्यांची घरं आणि रस्ते होतात, ती खनिजं. कुठे काय आहे, किती खोल आहे, पावसाळ्यात नदीनं किती वाळू परत आणून टाकली, किती काढली तर नदीला इजा होणार नाही, हे सगळं गावोगाव फिरून, मोजून लिहायचं असतं. तो अहवाल झाल्याशिवाय खाणीचे परवाने देता येत नाहीत.

आता माझं सांगते. मी इंदूरला इंग्रजीतून शिकले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या कॉलेजात भूगोल शिकवला. आमच्या शिकण्याच्या काळात मुलांना नर्मदेच्या काठी न्यायचे आणि मुलींना कपाटातले नमुने दाखवायचे. प्रत्येक दगडावर चिठ्ठी चिकटवलेली असायची. नोकरी लागल्यावर वाटलं होतं, आता फिरता येईल. पण आमची सहल दरवर्षी मांडूला जायची, कारण मांडूची बस अंधार पडायच्या आत परत यायची. धार जिल्ह्याचा नकाशा मी आजही डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. वर माळव्याचं पठार, बेसाल्टचं, त्यावर काळी माती. मग विंध्याची कड. कडेखाली नर्मदेकडे उतरत जाणारा मुलूख, तिथे गंधवानी, आणि त्या बाजूला चुनखडी, कारण कधीकाळी समुद्र तिथवर आला होता. "समुद्र इथवर आला होता," हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल. गंधवानीला मात्र मी कधी गेले नव्हते.

त्यामुळे ती मुलगी खोली बघायला आली आणि तिचं काम मला कळलं, तेव्हाच मी ठरवून टाकलं, एक तरी दिवस ही मला जीपमधून नेईल. पण मी विचारणार नाही. तिनं विचारायला हवं.

पहिल्या सकाळी मी पोहे केले आणि जेवणाच्या टेबलावर माझा जुना नकाशा उघडून ठेवला. नकाशाचे दुमडलेले कोपरे आदल्या दिवशी इस्त्री करून सरळ केले होते. मुलगी खाली आली, पोहे खाल्ले, नकाशाकडे आदरानं बघितलं आणि म्हणाली, "बहुत सुंदर है, मैडम. पर मेरे पास जीपीएस है."

तेवढ्यात बाहेरून आजोबांचा आवाज आला. "कां जई रिया हो, भिया?" कुठे निघालात भाऊ, असं माळवीत विचारत ते जीपला टेकून ड्रायव्हरशी बोलत होते. आजोबा बँकेत होते हे तुम्हाला माहीत आहे. मुरूम आणि खडी यांतला फरक त्यांना घर बांधताना कंत्राटदारानं सांगितला होता आणि ते तो विसरले होते. पण ड्रायव्हरचे मामा बदनावरच्या मंडीत सोयाबीनचे व्यापारी आहेत आणि त्यांचं खातं आजोबांच्या शाखेत होतं, एवढं त्यांनी पोहे संपायच्या आत शोधून काढलं होतं.

"अगं, नाक्यापर्यंत रस्ता दाखवून येतो," असं म्हणून ते पुढच्या सीटवर बसले. पायात घरातल्या चपला.

ते दिवेलागणीला परत आले. भुवयांपर्यंत धुळीनं माखलेले.

"जेवलात का?" मी विचारलं.

"एका घरी मक्याची रोटी खाल्ली. लसणाची चटणी. अगं, काय माणसं आहेत!"

"आणि दगड?"

"दगडही होते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलीनं स्वतःच त्यांना बोलावलं. तिसऱ्या दिवशी बोलवायचीही गरज उरली नाही. ते आधीच बूट घालून जीपपाशी उभे. मी चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, की यांचा काही उपयोग होतो का, की नुसती गाडीत गर्दी? ती म्हणाली, "मैडम, मुझे देखकर लोग समझते हैं सरकार आ गई, अब खदान बंद करेगी. कोई मुँह नहीं खोलता. दादाजी उतरते हैं, राम-राम करते हैं, और दस लोग जमा." ते खरं होतं. पण तिनं ते ज्या सुरात सांगितलं तो सूर मला सहन झाला नाही. त्यांना दादाजी आणि मला मैडम. मी तिला रोज पोहे करून घालत होते.

मग जेवणाच्या टेबलावर आजोबांची व्याख्यानं सुरू झाली.

"बेसाल्ट म्हणजे काय, माहीत आहे का? लाव्हा. सगळा माळवा लाव्ह्यावर बसलाय."

"हो का."

"आणि गंधवानीकडे म्हणे समुद्र होता!"

"कोण म्हणतं?"

"पोरगी म्हणते."

"मी लग्न झाल्यापासून म्हणतेय."

"तू म्हणायचीस," ते पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "पण ते अभ्यासातलं वाटायचं. हिनं हात लावून दाखवलं."

हात लावून! मुलांनो, मी तुम्हाला शहाणपण शिकवायला हे लिहीत नाही. मला हेवा वाटला आणि तो मोठा होता. ज्या माणसानं माझ्या एकाही वर्गात डोकावलं नाही, तो माणूस माझ्या नकाशात चपला घालून फिरत होता.

एका संध्याकाळी त्यांनी खिशातून रुमाल काढला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि अगदी हळू उघडला. आत दगडाचा एक तुकडा. त्यावर शिंपल्याचा ठसा, एकेक रेघ सुटी दिसावी इतका स्वच्छ. ज्या समुद्राबद्दल मी बोलत आले होते, तो माझ्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी पडला होता आणि तो आणला होता त्यांनी.

"बघ तरी," ते म्हणाले.

"ओट्यावर माती नको," मी म्हणाले आणि पोळ्या लाटायला लागले. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या. आजोबांनी त्या काही न बोलता खाल्ल्या, आणि मला त्याचाही राग आला.

मी विचारणार नाही असं ठरवलं होतं, पण सुचवायला हरकत नव्हती. तुमच्या आईनं पाठवलेले चालायचे बूट मी कपाटातून काढले आणि व्हरांड्यात अशा जागी ठेवले की जिन्यावरून उतरताना दिसलेच पाहिजेत. मुलीनं ते बघितले. "मैडम, आप वॉक पे जाती हैं? बहुत अच्छी आदत है," म्हणाली आणि निघून गेली. मग मी उन्हाची टोपी खुंटीवर अडकवली. दुपारी शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि म्हणाली, "मावशी, काकांची टोपी छान आहे हं. फोटोत मस्त दिसतील." आजोबा मोहल्ल्यातल्या सगळ्यांना फोनवर फोटो पाठवत होते. हातात हातोडी, मागे डोंगर. हातोडी मुलीची.

थंडी कमी व्हायला लागली. धारचं काम संपत आलं होतं, देवासचं थोडं राहिलं होतं. म्हणजे खोली लवकरच रिकामी होणार. असं वाटायला लागलं, की ती जाईल आणि मी फक्त पोहे करणारी बाई राहीन.

एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्यापाशी आली. "मैडम, दादाजी कहते हैं आपकी इंग्लिश बहुत अच्छी है. ज़रा देख लेंगी? बदनावर वाला हिस्सा है." आणि ते दोघं निघून गेले. मी टेबलाशी बसून तिची वाक्यं सरळ करू लागले. लिहिलेलं चांगलं होतं. वाक्यं मात्र अशी, की क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याला धाप लागावी. मी ती तोडत गेले. बाहेर ऊन पडलं होतं आणि माझ्या जिल्ह्याचं ऊन ते दोघं खात होते.

वाचता वाचता एका जागी थांबले. बदनावरच्या बाजूचं एक गाव, आणि त्यापुढे लिहिलेलं, की इथे क्वार्ट्झ मिळतो असं स्थानिक लोक सांगतात, खात्री करणं बाकी आहे. मी ते परत वाचलं. ती सगळी बाजू काळ्या मातीची. बेसाल्टच्या पोकळ्यांतून पांढऱ्या गारगोट्या निघतात, त्या शेतात इकडेतिकडे दिसतात, पण त्याला कोणी खाण म्हणत नाही. मी त्या ओळीची पेन्सिलीनं कागदावर नोंद केली आणि संध्याकाळची वाट बघत बसले. खरं सांगायचं तर आनंदानं वाट बघत बसले.

मुलगी वर हातपाय धुवायला गेली होती. आजोबा व्हरांड्यात बूट काढत होते.

"बदनावरकडे क्वार्ट्झ आहे असं कोणी सांगितलं?"

"मी," ते अभिमानानं म्हणाले. "पोरगी खाली ओढ्यात मोजत होती. मी गावात गेलो. एक बाई टोपली घेऊन खड्ड्यापाशी बसली होती. विचारलं, यां कई निकले हे? इथे काय निघतं म्हणून. ती म्हणाली, गार. मी पोरीला सांगितलं, गार म्हणजे क्वार्ट्झ. तूच तर सांगतेस, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ."

"बरं. आणि ती बाई त्या गारेचं काय करत होती?"

"घर लिंपत होती."

आजोबांनी एक बूट हातात धरला होता. तो तसाच राहिला.

"क्वार्ट्झनं?" मी विचारलं.

तुम्हाला सांगायला हवं. आपल्या घरात गार म्हणजे पांढरा टणक दगड, ज्यावर लोखंड मारलं की ठिणगी उडते. माळवीत गार म्हणजे भिंती लिंपायची ओली माती. आजोबांची माळवी चौकातली आहे, चहाच्या टपरीवरची आणि बँकेतल्या रांगेतली. सारवणं आणि लिंपणं ही बायकांची माळवी, ती त्यांच्या कानावर कधी आली नाही. म्हणून इतकी वर्षं भिया-भिया करणारा माणूस ऐन वेळी आपल्या आईच्या मराठीत ऐकून आला.

मुलगी खाली आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, आजोबांच्या समोरच. तिला एकटीला सांगता आलं असतं. पण मला ते त्यांच्यासमोरच सांगायचं होतं. ती हसत सुटली. इतकी हसली की जिन्याच्या पायरीवर बसली. "दादाजी! क्वार्ट्झ का प्लास्टर!" मी आजोबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. ते तिच्यापेक्षा मोठ्यानं हसत होते.

त्यानंतर काय झालं असेल? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या मोहल्ल्यात पोहोचली होती. त्यांनीच पोहोचवली. त्यांच्या सांगण्यात ती बाई टोपली टाकून त्यांच्याकडे बघत राहते, म्हशी थांबतात आणि शेवटी "आमच्या हिनं पकडलं" असं एक लहानसं वाक्य येतं. शेजारीण माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका म्हणजे ना, काय मजेशीर आहेत!" चूक त्यांची, पकडली मी, आणि शाबासकी त्यांनाच. माझ्या विजयावरसुद्धा तेच बसले, पुढच्या सीटवर बसावं तसे.

पण त्या संध्याकाळी पायरीवरून उठताना मुलीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मैडम, देवास साइड का बचा है. टोंकखुर्द में मुरम की एक खदान देखनी है. दूर है, सुबह जल्दी निकलना पड़ेगा. आप चलेंगी?"

"मी?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"हाँ. मुझे कोई चाहिए जो देखे भी."

आजोबा म्हणाले, "मी मागच्या सीटवर..."

"मागे सामान आहे," मी म्हणाले.

निघताना आजोबा फाटकाशी उभे राहून मला सूचना देत होते. पुढे बस. खिडकी अर्धी उघडी ठेव. ड्रायव्हरला भिया म्हण, नाहीतर तो फुगतो. मी त्याला ड्रायव्हर साहेब म्हणाले आणि तो अजिबात फुगला नाही. पण इंदूरच्या बायपासवर त्यानं विचारलं, "दादाजी क्यों नहीं आए?" देवासला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "दादाजी होते तो यहाँ की कचोरी खिलाते." मी कचोरी घेतली, सगळ्यांना दिली. तो म्हणाला, "दादाजी दूसरी दुकान से लेते." मी खिडकी पूर्ण उघडली.

खाणीच्या जागी कोणी नव्हतं, आणि त्याचं मला बरं वाटलं. कोणाला राम-राम करून बोलतं करायचं नव्हतं. रस्त्यासाठी मुरूम काढून काढून टेकडीची एक बाजू उभी कापली गेली होती, भिंतीसारखी. मुलीनं टेप काढला, वही काढली, भिंतीकडे बघितलं आणि वही माझ्याकडे न देता स्वतःच उघडून धरली. "आप बोलिए, मैडम. ऊपर से नीचे. मैं लिखती हूँ."

आधी माझा आवाज वर्गातला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ड्रायव्हर दचकून गाडीतून खाली उतरला. मग मी भिंतीजवळ गेले आणि आवाज आपोआप खाली आला. मी बोलत गेले, ती लिहीत गेली. एका जागी तिनं मला थांबवलं, म्हणाली, "यहाँ मुझे दो परतें लग रही थीं." मी म्हणाले एकच आहे, ओल्या भागाचा रंग गडद दिसतो एवढंच. तिनं नखानं खरवडून बघितलं. "एक ही है," ती म्हणाली आणि खोडलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"पोहोचलीस का?" आजोबा.

"हो."

"काय आहे तिथे?"

"दगड."

"अगं, दगड तर असणारच. कसले? काय दिसतंय?"

"आवाज तुटतोय," मी म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ येत होता. मी फोन बंद करून पिशवीत टाकला.

तुम्हाला सांगते काय दिसत होतं. सगळ्यात वर हातभर काळी माती, तिच्यात गवताची मुळं लोंबत होती. तिच्याखाली पिवळट मुरूम, बोटांनी चुरडला की पीठ होणारा. त्याखाली बेसाल्टचे गोळे, मोठ्या कलिंगडाएवढे, ज्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत होते. एका गोळ्याचा पापुद्रा मी ओढला तर तो अख्खा हातात आला, आणि आतला दगड थंड आणि निळसर काळा होता. आणि त्याच्याही खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एक लाल पट्टा. विटेच्या रंगाचा, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्याखाली परत काळा दगड.

तो लाल पट्टा मी फळ्यावर लाल खडूनं काढत असे. खालचा दगड हा एक लाव्हा, वरचा दुसरा. दोघांच्या मध्ये इतका काळ गेला की खालच्या दगडाची माती झाली. तिच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, काहीतरी उगवलं असेल, काहीतरी चाललं असेल. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून लाल झाली. मी गुडघे दुखत असतानाही खाली बसले आणि त्या पट्ट्यावर तळहात ठेवला. तो खडूसारखा नव्हता. दाणेदार होता, सकाळच्या थंडीत गार पडलेला, आणि हात उचलला तेव्हा सगळा तळवा लाल झाला होता. मुलगी दुसऱ्या टोकाला जाऊन मोजत राहिली आणि मला हवा तेवढा वेळ दिला.

ती गेल्या महिन्यात खोली सोडून गेली. आजोबा अजून रोज चहाच्या वेळी विचारतात, "कसले दगड होते, सांग ना." मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.